मशरूम फार्मची भेट ते आमच्या गोठ्यातले पहिले बेड

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या ज्या कुटुंबाकडून मी मशरूमची लागवड पहिल्यांदा समजून घेतली, त्यांच्या दारात न कळवता जाऊन उभे राहिलात तर ते चहा देतील, पण शेडमध्ये नेणार नाहीत. आधी फोन करायचा, मग दिवस ठरतो, मग व्हॉट्सअॅपवर सूचना येतात. मी 2024 च्या ऑक्टोबरात फोन केला तेव्हा त्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, "दिवाळी होऊ दे, भिंतींची ओल उतरू दे, मग या." नोव्हेंबरच्या मध्यावरचा शनिवार मिळाला. माणशी 800 रुपये, दुपारच्या जेवणासकट.

सूचना वाचून मी थोडी दबकले होते. अंघोळ करून धुतलेले कपडे घालून यायचे. त्या सकाळी गोठ्यात, कोंबड्यांत किंवा खताच्या खड्ड्याकडे जायचे नाही. सर्दी-खोकला असेल तर दिवस बदलून घ्यायचा. दमा असलेल्यांनी आधी सांगायचे, कारण तयार धिंगरीतून (ऑयस्टर मशरूममधून) बीजाणूंची बारीक धूळ उडते आणि बंद खोलीत ती छातीला लागते. दुसऱ्या कुठल्या मशरूम फार्मवरून थेट यायचे नाही, ही शेवटची सूचना. तिथे गेल्यावर या प्रत्येक ओळीचे कारण कळले.

मी का गेले ते सांगते. सत्तरी तालुक्यात आमच्या घराशेजारचा गोठा सहा-सात वर्षे रिकामा आहे. शेवटची गाय गेली आणि सासूबाईंच्याने पुढे होईना. जाड मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले, उन्हाळ्यातही आत गारवा. दुसरीकडे दर पावसाळ्यात, श्रावणाच्या आसपास, रानातल्या रोयणींवर, म्हणजे वाळवीच्या वारुळांवर, अळमी ही रानमशरूम उगवतात आणि रस्त्याकडेला पानांवर मांडून विकली जातात. भाव दरवर्षी चढतो, आणि जितका चढतो तितक्या जास्त रोयणी उकरल्या जातात. ही अळमी शेतात पिकवता येत नाहीत. वाळवी वारुळाच्या पोटात स्वतःच्या अन्नासाठी ही बुरशी जोपासते, वाळवीवाचून ही बुरशी वाढत नाही. रोयण मोडली की वाळवीचे घर गेले आणि पुढच्या वर्षीची अळमीही गेली. बुरशींचे अभ्यासक डॉ. नंदकुमार कामत कित्येक वर्षे हेच सांगत आले आहेत. घरात पिकवलेली धिंगरी अळम्यांची जागा घेईल असे मला वाटत नाही, चव वेगळी ती वेगळीच. पण वर्षाचे बाकीचे महिने तोणाकात (वाटणाच्या रश्श्यात) घालायला मशरूम घरचे मिळाले, शेजाऱ्यांनाही मिळाले, तर रानावरचा थोडा भार उतरेल, एवढ्या विचाराने मी सुरुवात केली.

त्या शनिवारी आम्ही पाचजण होतो. सगळ्यात आधी चपला बाहेर काढून फार्मच्या स्लिपर घातल्या, जांभळ्या पाण्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवले (पोटॅशियम परमँगनेट), हात धुतले, मास्क लावले. त्या घरातल्या दादांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती फिरण्याच्या क्रमाची: सगळ्यात स्वच्छ खोली आधी, सगळ्यात मळकी शेवटी, आणि उलट पावली परत यायचे नाही. म्हणजे आधी स्पॉनची (मशरूमच्या बियाण्याची) खोली, मग बेड (पेंढा भरलेल्या पिशव्या) ठेवलेली अंधारी खोली, मग काढणीची शेड, शेवटी संपलेल्या बेडांचा ढीग. तेही रोज सकाळी याच क्रमाने कामे करतात. हिरव्या बुरशीचे कण आणि बारीक माश्या माणसाच्या कपड्यांवरूनच फिरतात, औषधे मारून जेवढा फरक पडत नाही तेवढा या क्रमाने पडतो, असे ते म्हणाले.

स्पॉनची खोली काचेतूनच दाखवली. उकडलेले गहू, त्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम, ते कुकरसारख्या मोठ्या भांड्यात वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून त्यात शुद्ध बुरशी सोडलेली. पंधरवड्यात दाणे पांढरे होतात. हे काम त्यांची मुलगी करते, तिने सूक्ष्मजीवशास्त्र शिकून हेच धरले. "तुम्ही एवढ्यात स्पॉन करायला जाऊ नका, विकत घ्या," हे तिने आम्हाला निक्षून सांगितले. घेताना पिशवी पूर्ण पांढरी हवी, हिरवा-काळा ठिपका नको, आंबूस वास नको, आणि पिशवीवर तयार केल्याची तारीख हवी.

पेंढ्याचे काम मागच्या अंगणात. भाताचा सोनेरी, न भिजलेला पेंढा दोन-तीन बोटे लांब कापायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी पिंपात 80 अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर. मग जाळीवर निथळायचा. किती निथळायचा हे आजींनी दाखवले. दादांच्या आई, सत्तरी ओलांडलेल्या, पण पेंढा हातात घेऊन पिळायचे काम त्यांच्याकडेच. मूठ आवळली तर पाणी टपकता कामा नये, उघडली तर तळवा मात्र ओला हवा. आमच्या प्रत्येकीच्या मुठीत त्यांनी पेंढा देऊन बघितला. मला म्हणाल्या, "बाय, आणखी दहा मिनिटं ठेव." रसायनात पेंढा भिजवण्याची पद्धतही आहे, बाविस्टिन (बुरशीनाशक) आणि फॉर्मॅलिनची. या घरात ती वापरत नाहीत. ज्या अंगणात नातवंडे खेळतात तिथे फॉर्मॅलिन नको, एवढे साधे कारण.

मग बेड भरायला बसलो. पिशवीत पेंढ्याचा थर, कडेने स्पॉन, परत थर. एक किलो सुक्या पेंढ्याला साधारण 100 ग्रॅम स्पॉन. तोंड बांधून सगळीकडून सुईने भोके. अंधाऱ्या खोलीत दोन ते तीन आठवडे, पिशवी पूर्ण पांढरी होईपर्यंत. त्यानंतर प्लॅस्टिक कापून शेडमध्ये टांगायचे, तिथे ओलावा 80 ते 90 टक्के, थोडा उजेड आणि खेळती हवा. हवा कोंडली की देठ लांबतात आणि टोपी लहान राहते. हे दादांनी मुद्दाम एका कोपऱ्यातला बेड दाखवून समजावले. शेड म्हणजे लोखंडी सांगाडा, बाजूंना गोणपाट, खाली वाळू. गोणपाटावर दिवसातून दोन-तीनदा पाणी मारतात. थंडीत पांढरी फ्लोरिडा जातीची धिंगरी, एप्रिल-मेच्या उकाड्यात गुलाबी धिंगरी आणि दुधी मशरूम. बटण मशरूमला काढणीच्या वेळी 14 ते 18 अंश लागतात, गोव्यात ते एसीशिवाय होत नाही, त्या वाटेला ते गेलेच नाहीत.

औषधी मशरूमची खोली मला सगळ्यात जास्त बघायची होती. एका इन्सुलेटेड खोलीत एसी चालू, रॅकवर काचेच्या बरण्या, आणि प्रत्येक बरणीत तपकिरी तांदळावर नारिंगी बोटांसारखे कॉर्डिसेप्स मिलिटारिस. हिमालयात अळीवर उगवते ती कीडाजडी (तिलाही कॉर्डिसेप्सच म्हणतात) निराळी जात, हे दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, कारण नावाच्या सारखेपणावर खूप गैरसमज पसरवून माल विकला जातो. बरणी तयार व्हायला दोन महिने लागतात आणि एसीचे बिल दर महिन्याला येते.

शेजारच्या खोलीत गॅनोडर्मा. लाकडाचा भुसा आणि कोंडा भरलेल्या पिशव्यांतून वर आलेल्या लालसर, लाखेसारख्या चकाकत्या टोप्या. हाताला लाकूडच लागते. हे भाजीत घालत नाहीत. पातळ काप करून वाळवतात आणि उकळून काढा करतात, चव कडूजहर. आमच्यातल्या एका मावशींनी विचारले की मधुमेहाला किती घ्यायचे. वहिनींनी फार नीट उत्तर दिले: "मावशी, आम्ही पिकवतो. कुठल्या आजाराला किती, हे आम्ही सांगत नाही. तुमच्या गोळ्या चालू आहेत, आधी डॉक्टरांना विचारा." रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला तर त्या विकतच नाहीत. औषध म्हणून विकायचे तर वेगळा परवाना लागतो, आणि पाकिटावर रोग बरा करतो असे लिहिणे कायद्यात बसत नाही. माझा त्या घरावरचा विश्वास इथे पक्का झाला.

पण माझ्या मनात वेगळाच प्रश्न होता आणि तो मी घाबरत घाबरत विचारला. आमच्याकडे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. सुपारीच्या बुंध्याशी अशाच चकाकत्या छत्र्या आल्या की ते झाड गेले, हे सासऱ्यांकडून ऐकलेले. मग हेच घरात आणून वाढवायचे? दादा मला बाहेर घेऊन गेले. त्यांचेही कुळागर आहे, सुपारी, माड, मधे मिरवेल. माड-सुपारीचा बुंधा कुजवणारी बुरशी याच गॅनोडर्मा कुळातली असते हे त्यांनी मान्य केले. लागवडीची जात आणि झाड मारणारी जात एकच असते असे नाही, पण ते त्यावर विसंबत नाहीत. गॅनोडर्माची खोली कुळागराच्या विरुद्ध बाजूला, घराच्या पलीकडे बांधली आहे. टोप्यांतून भुकटी पडायच्या आधीच काढणी करतात. संपलेले भुशाचे ठोकळे उकडून मग चुलीत जातात. धिंगरीचा संपलेला पेंढा मात्र गांडूळखतात घालून कुळागरात बिनघोर टाकतात. ज्यांच्याकडे माड-सुपारी आहे त्यांनी कुठल्याही फार्मवर गेल्यावर हा प्रश्न जरूर विचारावा. मी घरी येऊन ठरवले की आपण धिंगरीच लावायची, गॅनोडर्मा नाही.

जेवणात धिंगरीचे तोणाक होते, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात, सोबत उकड्या तांदळाचा भात. जेवताना वहिनींनी विचारले, "पिकवाल हो, पण विकणार कुणाला?" मग त्यांनी त्यांची वही आणून समोर ठेवली. कुठल्या आठवड्यात किती निघाले, किती विकले, किती वाळवायला टाकले, किती फेकले. ताजी धिंगरी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते, त्यानंतर पिवळी पडून चिकट होते. चतुर्थीच्या आधी, सगळ्या घरांत शिवराक (शाकाहार) चालू असते तेव्हा त्यांना मागणी पुरवता येत नाही, आणि अधूनमधून असे आठवडे येतात की हॉटेलवाला फोनच उचलत नाही. दहा किलो ताज्याचे वाळवून जेमतेम एक किलो होते. फायद्याचे आकडे कुणीही सांगते, तोट्याची पाने दाखवणारे घर मला हे पहिलेच भेटले.

डिसेंबरात मी जुन्या गोव्याला एला येथे, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारात उत्तर गोव्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे प्रशिक्षणासाठी नाव दिले. यादीत नंबर लागायला काही आठवडे गेले. जाण्याआधी फार्म बघितलेले असल्यामुळे माझे प्रश्न तयार होते: गोठ्याची माती कशी झाकायची, माश्यांना कुठली जाळी, स्पॉन किती दिवस आधी सांगून ठेवायचे. तुम्ही दोन्ही करणार असाल तर आधी चालता फार्म बघा आणि मग प्रशिक्षणाला बसा, असे मी सुचवेन. तिथले शास्त्र मग डोळ्यांसमोर उभे राहते.

गोठ्याला जानेवारीत हात घातला. जुने शेण-मातीचे थर खरवडून काढले, भिंतींना दोनदा चुना, जमिनीवर फरशीचे तुकडे आणि वर वाळू, खिडक्यांना बारीक जाळी. गोणपाट वाण्याकडून जुने मिळाले, ते उकळत्या पाण्यातून काढले. टांगायला नायलॉनची दोरी, पाणी फवारायचा एक हातपंप, 450 रुपयांचा तापमान-आर्द्रता दाखवणारा मीटर. मजुरी धरून नऊ हजारांच्या आसपास गेले. पेंढा गावातच मिळाला. स्पॉन किलोला 120 रुपये पडले. वीस बेड भरले तेव्हा सासूबाई पाटावर बसून पेंढ्याची मूठ तपासत होत्या. आजींची रीत मी त्यांना शिकवली होती आणि एकदा हाताला आल्यावर माझ्यापेक्षा त्यांनाच ती बरोबर जमली.

त्यानंतरचे दिवस मला जड गेले. खोली बंद, अंधार, बघण्यासारखे काही नाही, आणि दार सारखे उघडायचे नाही असे बजावलेले. आठवड्यानंतर पांढरे धागे दिसायला लागले. दोन पिशव्यांत हिरवा डाग आला. वहिनींना फोटो पाठवला, त्यांचे उत्तर लगेच आले: "पिशवी उघडू नका. तशीच बाहेर न्या, लांब पुरा, हात धुवा, मग बाकीच्यांकडे बघा." वीसातल्या एक-दोन सगळ्यांच्याच जातात, हे ऐकून धीर आला. बाकीच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला पांढऱ्याशुभ्र झाल्या. प्लॅस्टिक कापून पाणी मारायला सुरुवात केल्यावर चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे पिनहेड, आणि तिथून दोन-तीन दिवसांत ओंजळभर झुबके. वाढ इतक्या वेगाने होते की सकाळचे आणि संध्याकाळचे ओळखू येत नाहीत. टोपीची कड सरळ होऊन वर वळायच्या आधी, पिरगळून अख्खा झुबका काढायचा, देठ मागे राहिला तर तो कुजतो. काढणीच्या आधी पाणी मारायचे नाही, नाहीतर पाकिटात घाम धरतो.

तीन काढण्या मिळाल्या, पहिली भरघोस, तिसरी अगदी थोडी. सगळे मिळून दहा किलोंच्या आसपास. 200 ग्रॅमचे पाकीट 60 रुपयांना, बहुतेक वाड्यावरच आणि वाळपईतल्या ओळखीच्या घरांत गेले. गोठ्यावरचा खर्च यातून निघाला नाही, तो दोन-तीन हंगामांचा हिशेब आहे. पाकीट देताना मी एकच गोष्ट प्रत्येकाला सांगते, कच्चे खाऊ नका, नीट शिजवा.

कागदांचे थोडे सविस्तर लिहिते, कारण लोक इथेच अडतात. स्वतःच्या शेतातला ताजा माल शेतकरी म्हणून विकण्याला अन्नसुरक्षा कायदा लागू होत नाही. पण आम्हाला पावसाळ्याआधी वाळवलेली धिंगरी आणि भुकटी पाकिटात विकायची होती, म्हणजे प्रक्रिया आली, म्हणून एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी केली. फॉस्कॉस या संकेतस्थळावर फॉर्म ए, फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा. वीजबिल सासूबाईंच्या नावावर, म्हणून त्यांचे संमतीपत्र आणि घरपट्टीची पावती जोडली. मी भरले तेव्हा मूळ नोंदणीचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. एकदा अर्ज परत आला, संमतीपत्रावर जागेचा पूर्ण पत्ता हवा होता. तो घालून पुन्हा पाठवल्यावर आठवड्याभरात प्रमाणपत्र आले. व्यवसायाचा प्रकार निवडताना घाई करू नका, यादी लांबलचक आहे, आधी वाचून ठेवा.

कृषी कार्डाचे काम मात्र अजून चालू आहे. अनुदानाच्या योजनांसाठी ते लागते. अर्ज विभागीय कृषी कार्यालयात, सोबत एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, आधार, बँकेचे पासबुक. आमच्या उताऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचे नाव आहे आणि खाली मुंबईत, पुण्यात पांगलेले सहहिस्सेदार. प्रत्येकाची ना हरकत सही गोळा करणे चालू आहे, दोन सह्या चतुर्थीला सगळे घरी आले तेव्हा मिळाल्या. गोव्यात बहुतेक घरांची हीच स्थिती आहे. म्हणून मशरूमचा विचार डोक्यात आला की त्याच आठवड्यात उतारा ऑनलाइन काढून नावे तपासा. बेड महिन्याभरात उगवतात, सह्यांना त्याहून कितीतरी वेळ लागतो.

पावसाळ्यात आम्ही कमी बेड लावले. हवेत ओलावा आपोआप असतो, पाणी मारावे लागत नाही, पण माश्या आणि हिरवी बुरशी दोन्ही वाढतात आणि कोरडा पेंढा कुठे मिळत नाही. पेंढा मेमध्येच घेऊन माळ्यावर टाकून ठेवायला हवा. वाळवणही उन्हाशिवाय होत नाही, छोटा विजेचा ड्रायर 40 ते 50 अंशांवर ठेवून करावे लागते. उन्हात वाळवण्याचा आणखी एक फायदा दादांनी सांगितला होता, कापलेल्या मशरूमवर ऊन पडले की त्यात ड जीवनसत्त्व तयार होते.

पुढच्या मार्चमध्ये दुधी मशरूम लावायचे ठरवले आहे. त्याला 30 ते 35 अंश मानवतात आणि ते फ्रिजमध्ये धिंगरीपेक्षा जास्त टिकते, म्हणजे विक्रीची घाई थोडी कमी. त्याच्या बेडावर निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो, ते काम हाताखालून गेल्याशिवाय समजणार नाही, म्हणून त्याच फार्मवर फेब्रुवारीतला एक शनिवार मागून ठेवला आहे. या वेळी सासूबाईही येणार आहेत.